उरलेल्यांची साक्ष

इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात अ‍ॅशवेल नावाचे एक लहान गाव आहे. तिथल्या झऱ्यांचे पाणी पुढे कॅम नदीला मिळते. गावातले सेंट मेरी चर्च बरेचसे चौदाव्या शतकातले. त्याचा मनोरा टोकापर्यंत १७६ फूट उंच आहे. एवढ्याशा गावाने एवढा मनोरा उभा केला याचे नवल वाटतेच. पण छायाचित्रे पाहताना माझी नजर थांबली ती मनोऱ्याच्या आतल्या एका भिंतीवर.

या चर्चसाठी वापरलेला दगड खडूच्या जातीचा, मऊ. उन्हापावसाने लवकर झिजतो, म्हणून बाहेरून त्याची वारंवार डागडुजी करावी लागते. मात्र याच मऊपणामुळे आतल्या दगडांवर लोकांना टोकदार वस्तूने लिहिता आले. एकाने कोपरे नीट जुळवले नाहीत म्हणून गवंड्यांवर राग काढला आहे. कोणी लंडनच्या जुन्या सेंट पॉलसारखे मोठे चर्च रेखाटले आहे. ते सेंट पॉल १६६६ च्या आगीत गेले.

आणि मनोऱ्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर लॅटिनमध्ये काही ओळी आहेत. साल असे दिले आहे: एक हजार, तीन वेळा शंभर, पाच वेळा दहा. म्हणजे १३५०. उर्दू शिकवणाऱ्याला हे वाचून आपले माणूस भेटल्यासारखे होते. आपल्याकडेही शायर मृत्यूचे साल अक्षरांत गुंफत आले. बिस्मिल्लाहचे ७८६ होतात ते त्याच अबजद हिशेबाने.

१३४८ मध्ये प्लेग इंग्लंडात आला आणि दोनेक वर्षांत निदान एक तृतीयांश माणसे घेऊन गेला. भिंत सांगते, काळ दीनवाणा आणि क्रूर आहे, आणि साक्ष द्यायला उरले आहेत ते फक्त हलाखीतले लोक. पुढे १३६१ सालच्या भयंकर वादळाची नोंद आहे. तेव्हा वर्ष मार्चमध्ये सुरू होई. आपल्या हिशेबाने तो १५ जानेवारी १३६२ चा दिवस. त्याच सुमारास प्लेग पुन्हा आला होता. त्यात इतकी लेकरे गेली की ती मुलांची साथ म्हणून ओळखली जाते.

लिहिणाऱ्याने आपले नाव दिलेले नाही. तो धर्मगुरू होता की कारागीर, कळत नाही. पण चर्चची भिंत खरवडणाऱ्या त्या माणसाला ही नोंद राहावी असे वाटले, आणि पुढच्या पिढ्यांनी ती पुसली नाही.

इथे मला माझ्या वर्गातली एक वही आठवते. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. करोनानंतर शाळा उघडली तेव्हा मी ‘माझे घर’ हा निबंध दिला होता. एका मुलाने एकच ओळ लिहिली: ‘आता आम्ही तीघेच आहोत.’ त्याच्या अब्बांच्या दफनविधीला घरचे कोणी जाऊ शकले नव्हते, हे मला माहीत होते. तरी सवयीने माझे लाल पेन चालले. मी ‘ती’ ची वेलांटी ऱ्हस्व केली, खाली ‘अपूर्ण’ असा शेरा मारला आणि वही परत दिली. त्याने मान खाली घालून ती घेतली.

वर्ष संपले आणि शाळेतल्या वह्या रद्दीत गेल्या. त्यात तीही गेली.

अ‍ॅशवेलच्या त्या ओळीही फार मोठ्या नाहीत. त्यांना अपूर्ण म्हणायला तिथे कोणी मास्तर नव्हता, हे बरे झाले. तो मुलगा आता कॉलेजात जातो, रस्त्यात भेटला की अदबीने सलाम करतो. दर वेळी वाटते, त्या शेऱ्याबद्दल त्याची माफी मागावी. अजून मागितलेली नाही.