तिसरी चढाई

१ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचं पहिलं अजिंक्यपद मिळवलं. कर्णधार होता नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार, प्रशिक्षक बी. सी. रमेश. आमच्या मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली, आणि मिठाईबरोबर वादही. तरुण म्हणाले, "फायनल अशी असते? निम्मे चढाईपटू नुसते रेषा ओलांडून परत!" बुजुर्ग म्हणाले, "मियाँ, चषक आला ना? बस."

त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामात पलटणची बाद फेरी हुकली. मग दोन्ही बाजूंचं एकमत झालं: प्रशिक्षक बदला, कर्णधार बदला! २०२५ मध्ये अजय ठाकूर प्रशिक्षक झाले. कर्णधारपद अस्लमकडेच राहिलं. संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला आणि दबंग दिल्लीकडून २८-३१ असा हरला.

जिंकणं मोठं की खेळाची मजा, याचं उत्तर मला कबड्डीच्या नियमातच दिसतं. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण आणावाच लागतो. नाहीतर गडी बाद. म्हणजे सावधपणाला मुभा आहे, पण मर्यादा घालून. आणि चुकण्यालाही सवड आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुलगी एकदा नापास झाली की तिची शाळा बंद करायला निघालेले पालक दरवर्षी भेटतात. त्यांना मी म्हणतो, "भाईजान, कबड्डीसुद्धा दोन रिकाम्या चढाया माफ करते."