अर्धा कोयता

क्षयाच्या पेशंटने ऊसतोडीला जाऊ नये, असं माझं ठाम मत होतं. पाथर्डी तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. नोकरीतली बरीच वर्षं मी हे मत लोकांच्या दारात उभं राहून, आवाज चढवून सांगितलंय. सहा महिने घरी बसा, गोळ्या खा, नीट जेवा, पुढच्या साली कोयता धरा. ऐकायला किती सोपं!

साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आणि उसाचा हंगामही जवळपास तेवढाच. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, गुढीपाडव्याच्या मागंपुढं परततात. आमच्याच तालुक्यात आदिनाथनगरला वृद्धेश्वर कारखाना आहे, तरी माणसं जातात सांगली-कोल्हापूरला, कर्नाटकात. भाद्रपदात निदान झालं तर गोळ्या अंगी लागेपर्यंत मुकादमाची गाडी दारात. यांना बेघर कुणी म्हणत नाही, कारण गावात घर आहे, कुलूप लावलेलं. पण ताप चढतो, थुंकीतून रक्त पडतं तेव्हा डोक्यावर असते ती कोपी, पाचटाची नाहीतर ताडपत्रीची. तो टापू तोडून झाला की तीही हलते. दर काही आठवड्यांनी जागा बदलणारं बिऱ्हाड कुठल्या आशाताईंच्या यादीत बसणार?

मला चीड यायची ती लपवाछपवीची. आजार मुकादमाला कळू द्यायचा नाही, टोळीला कळू द्यायचा नाही. आम्ही सरळ अडाणीपणा म्हणून मोकळ्या व्हायचो. एका बाईने मात्र तोंडावर ऐकवलं, "शिस्टर, ह्यो घरी ऱ्हायला तर मी अर्धा कोयता झाले. उचल तर पुऱ्या कोयत्याची घेतलीया, खर्चून बसलोय. फेडायची कुणी, तुम्ही?" कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकट्या माणसाला मुकादमाकडून अर्धीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. तिचा हिशेब चोख होता. मी उत्तर न देता गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात ठेवलं आणि पुढच्या घरी गेले.

मत पालटायला लागलं ते 2019 साली, आणि तेही क्षयामुळे नव्हे. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. डॉक्टरांवर टीका झाली, ती व्हायलाच हवी होती. माझं मन अडकलं दुसरीकडे: बायका तयार का होतात? फडात खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी जाते, वर दंड कापतात. पाळीचं दुखणं, अंगावरून जाणं, यासाठी महिन्या-महिन्याला दवाखाना गाठणं त्यांना परवडतच नाही. मग काय ते एकदाच उरकून टाकायचं. ज्याला एका जागी राहता येत नाही, त्याला एका खेपेत संपणारा उपचारच घेता येतो, मग तो कितीही अघोरी असो. क्षय तसा उरकता येत नाही. रजिस्टरात ज्यांच्यापुढे मी 'औषध सोडले' असं लिहिलं होतं, ती माणसं तेव्हा एकेक करून डोळ्यांपुढे आली. औषध त्यांनी सोडलं, की आम्ही ते फक्त गावातल्या पत्त्यावर ठेवलं?

आता मी 'जाऊ नका' म्हणत नाही. औषधाला दाद देणारा क्षय असेल तर गोळ्या नीट सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांत संसर्ग पसरण्याचा धोका बराच उतरतो. म्हणून थुंकी तपासायची ती श्रावणात, पोळ्याच्या आधी. दसऱ्याची वाट बघायची नाही. क्षयरुग्णांच्या सरकारी 'निक्षय' पोर्टलवरची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येते. पोषणाचे पैसे खात्यावर येतात, 2018 पासून महिना 500 आणि नोव्हेंबर 2024 पासून 1000. कागदावर सगळं जुळतं. पण दवाखाना उघडतो तेव्हा हे लोक फडात असतात, अंधार असतानाच निघालेले. आणि या गोळ्यांनी लघवी लालसर होते, हे आधी सांगितलेलं नसेल तर कोपीशेजारचा कुणीतरी शहाणा सांगतो, "उष्ण पडल्यात, बंद कर." तिथे पोर्टल काय करणार?

शिवाय आजारी माणसाने मोळी वाहावी, हे मला आजही पटत नाही. बायकोने तोडायचं आणि त्याने बसून मोळ्या बांधायच्या, असं ठरवून गेलेली जोडपी मी पाहिली आहेत. गाडी भरायची वेळ आली की ठरलेलं मोडतं.

मुकादमाला सांगावं का, यावर माझं अजून ठरलेलं नाही. सांगितलं तर एखादा माणुसकीने वागतो, पेशंटला तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन सोडतो. दुसरा त्याच रात्री उचल परत मागतो. कोण कसा निघेल हे टोळीतल्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून ते मी नवरा-बायकोवर सोडते. लाल लघवीचं तेवढं दोघांनाही समोर बसवून सांगते.