मामांचा चष्मा आणि माझी सीएसएस

गेल्या शनिवारी साताऱ्याहून कोयना एक्स्प्रेसने सांगलीला मामांकडे गेलो. आईने कंदी पेढे दिले होते. (मामांना मधुमेह आहे हे तिला दरवेळी आठवत नाही!)

मामा म्हणजे मराठीचे निवृत्त मास्तर. रोज लॅपटॉपवर दोन-तीन पेपर वाचल्याशिवाय चहा गोड लागत नाही. यावेळी मात्र लॅपटॉप बंद, वर क्रोशाचं झाकण. विचारलं तर म्हणाले, "अरे, डोळ्यांनी साथ सोडली. दोनदा चष्मा बदलला. वाचणं संपलं आता आपलं."

म्हटलं बघू तरी. पान उघडलं. फिकट करडी, बारीक अक्षरं. ओळी इतक्या चिकटलेल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसलेला. शीर्षकांना लेटर-स्पेसिंग! इंग्रजीत ते झोकदार दिसतं, देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. झूम करून अक्षरं वाढली, पण रंग आणि दाटी तशीच. जरा ओशाळलोच. पोटापाण्यासाठी मीही अशीच पानं बनवतो.

सीएसएसमध्ये साइटवाल्याची स्टाइलशीट असते, तशी वाचकाचीही असू शकते. दोघांनीही आपापल्या ओळीपुढे 'इम्पॉर्टंट' लिहिलं तर? १९९६ च्या पहिल्या सीएसएसमध्ये साइटवाला जिंकायचा. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीने ते उलटं केलं, वाचक जिंकणार. हा नियम मी मुलाखतीसाठी घोकला होता, त्यानंतर कधी वापरला नव्हता.

क्रोमने ही सोय २०१४ मध्येच काढून टाकली. फायरफॉक्समध्ये अजून आहे, पण २०१९ पासून आधी एक सेटिंग चालू करावं लागतं. मग प्रोफाइलमध्ये 'क्रोम' नावाचं फोल्डर करून त्यात 'यूजरकंटेंट' फाइल ठेवायची. (फायरफॉक्सच्या पोटात क्रोम! हा विनोद मामांना काही समजावता आला नाही.) फाइलमध्ये मोजून पाच ओळी: फॉन्ट मुक्ता, आकार २० पिक्सेल, ओळींची उंची १.८, रंग काळा, लेटर-स्पेसिंग नॉर्मल. प्रत्येकीपुढे 'इम्पॉर्टंट'.

फायरफॉक्स बंद करून पुन्हा उघडला. मामा खुर्ची ओढून बसले. अग्रलेख शेवटपर्यंत वाचला, एक शब्द बोलले नाहीत. मी आपला त्यांच्या तोंडाकडे बघत.

"तीन ठिकाणी शुद्धलेखन चुकलंय," शेवटी म्हणाले, आणि मामी आत आहेत असं बघून पेढ्यांचा बॉक्स पुढे ओढला.