किल्ली शेजारी आहे

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी दादरच्या फुलबाजारात माझ्या मोटारसायकलची किल्ली हरवली. त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. झेंडूचे गुडघ्याएवढे ढीग, ओली गोणपाटं, पायाखाली देठं आणि पानं. झेंडू, आपट्याची पानं आणि भाताच्या लोंब्या घेऊन गाडीपाशी आलो, खिशात हात घातला, किल्ली नाही. ज्या ज्या ढिगासमोर वाकलो होतो तिथे तिथे परत जाऊन आलो. एका मावशींनी तर ऐन धंद्याच्या वेळी आपला अर्धा ढीग हातांनी उपसून दाखवला. नाहीच मिळाली.

गाडी घेतली तेव्हा दोन किल्ल्या आल्या होत्या. लालबागची आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्या सामानाच्या हलवाहलवीत एक गेली. आता ही दुसरीही गेली. हँडल लॉक केलेलं, त्यामुळे गाडी ढकलूनही नेता येईना. मावशींनीच सांगितलं, "पुढच्या कोपऱ्यावर चावीवाले काका बसतात. बघा आलेत का."

आले होते. फुटपाथवर एक लाकडी खोकं, त्याला उभी फळी, फळीवरच्या खिळ्यांना कोऱ्या चाव्यांचे झुबके. बाजूला छोटा शेगडा, पक्कड, तीन-चार कानशी. वय साठीच्या पुढे, डोक्याला पटका. मी गाडी दाखवली. त्यांनी हत्यारांना हात लावला नाही. विचारलं, "गाडी कुणाची?"

"माझीच."

"कागद?"

कागद गाडीच्याच बाजूच्या कप्प्यात होते आणि तो कप्पा त्याच किल्लीने उघडतो. मग मोबाइलवर डिजिलॉकर उघडून आरसी दाखवली. काका उकिडवे बसले, हँडलखाली लोखंडावर कोरलेला चॅसिस नंबर बोटाने पुसला आणि पडद्यावरचे आकडे एकेक करून ताडून पाहिले. मग खोक्यातून एक लांबोडकी वही काढली. तेलकट बोटांचे ठसे पडलेली पानं. तारीख, गाडीचा नंबर, नाव, फोन. शेवटी माझी सही.

मला लागलं ते. आसपास माणसं होती, आणि माझीच गाडी माझी असल्याचं मी रस्त्यात उभं राहून सिद्ध करत होतो. काकांना ते चेहऱ्यावर दिसलं असावं. म्हणाले, "राग मानू नका भाऊ. विचारल्याशिवाय कानस उचलायची नाही, वडिलांनी तसंच शिकवलंय."

मग त्यांनी कानस उचलली.

जुनी किल्ली नमुन्याला असेल तर काम सोपं. तिच्यावरून दुसरी कापायची. नमुनाच नसेल तर कुलपालाच विचारावं लागतं. मोटारसायकलच्या कुलपात पितळी पट्ट्यांची एक रांग असते, प्रत्येक पट्टीला केसासारखी बारीक स्प्रिंग. किल्ली बरोबर असली की सगळ्या पट्ट्या एका पातळीत येतात आणि कुलूप फिरतं. एक जरी पट्टी वर राहिली तरी अडतं. काकांनी कोरी चावी आत घातली, जोर देऊन किंचित हलवली, बाहेर काढून उन्हात तिरकी धरली. मला काहीच दिसेना. त्यांनी नखाने दाखवलं. सुईच्या टोकाएवढे दोन डाग. अडलेल्या पट्ट्यांनी चावीवर आपली खूण सोडली होती. तेवढ्याच जागी कानशीचे दोन-तीन हात, एक फुंकर, चावी पुन्हा आत. पुन्हा ऊन, पुन्हा कानस. असं दहा-बारा वेळा झालं. शेवटी बाजाराच्या त्या सगळ्या गलक्यातही मला 'खट्' ऐकू आलं आणि हँडल सुटलं.

काम करता करता ते बोलत होते. आजोबा शिकलगार. तलवारी-सुऱ्यांना धार लावायचे, झिलई करायचे. "तलवारी गेल्या, कानस राहिली," काका म्हणाले. "आज संध्याकाळी सगळी हत्यारं धुवायची. उद्या पूजा. उद्या हात लावायचा नाही."

किल्ली हातात आली आणि माझ्या मनातला राग कुठल्या कुठे गेला. या माणसाला दादरमधली कितीतरी कुलपं नमुन्याशिवाय उघडता येतील. तरी संध्याकाळी दारं लावून आपण निर्धास्त झोपतो. का? कारण तो आधी विचारतो. आपल्या दाराचं एक कुलूप दारावर असतं आणि दुसरं अशा माणसांच्या मनात. पहिलं कानशीने उघडतं. दुसरं उघडत नाही, म्हणून पहिल्याला काही किंमत आहे.

आमच्या लालबागला हे ठाऊक असायला हवं. १८९७ साली अर्देशिर गोदरेज यांनी लालबागमध्येच एका शेडमध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली. मुंबईतल्या घरफोड्यांची बातमी वाचून ते या धंद्याकडे वळले असं सांगतात. त्याआधी ते वकील होते. झांजिबारमधल्या एका खटल्यात, जे खरं असल्याची आपल्याला खात्री नाही ते कोर्टापुढे खरं म्हणून मांडायला त्यांनी नकार दिला, आणि वकिलीच सोडली. या शहराला कुलपं बनवून देणारा माणूस खोटं बोलायला तयार नव्हता, ही गोष्ट मला त्या कुलपांइतकीच मोलाची वाटते.

कुलूप हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, चावी पोर्तुगीजांकडून. पण 'किल्ली शेजारी आहे' हे वाक्य अस्सल चाळीचं. गिरगावात आजीकडे आणि लालबागला आमच्याकडे ते दिवसातून चारदा तरी ऐकू यायचं. आई बाजारात जाताना किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यायची. शाळेतून आलो की काकू किल्ली द्यायच्या, आधी हातपाय धुवायला लावायच्या आणि सोबत कोण आहे ते विचारायच्या. नवं पोर दिसलं तर त्याचं नाव, त्याची खोली, त्याच्या वडिलांची गिरणी, सगळं विचारायच्या. तेव्हा त्या चौकशीचा कंटाळा यायचा. आज कळतं, ती काकांची वहीच होती, फक्त तोंडी. टॉवरमध्ये आलो, दाराला लॅच आलं, खाली कॅमेरे आले. किल्ली द्यायला मात्र कुणी उरलं नाही. माझी दुसरी किल्ली शेजारी असती तर त्या सकाळी घरी एक फोन पुरला असता.

काकांकडून मी दोन किल्ल्या करून घेतल्या. त्यांनी सांगितले तेवढे पैसे दिले आणि वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी गाडीला झेंडूचा हार घातला. संध्याकाळी सोनं द्यायला समोरच्या दाराची बेल वाजवली. चार वर्षांत त्या दारावरची पाटी वाचली होती, घर पाहिलं नव्हतं. दार उघडणाऱ्या काकूंच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, आणि त्यांवर किल्ली.

"गाडीची आहे. तुमच्याकडे राहू दे."

काकूंनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. आत जाऊन खिळ्याला अडकवली. मग परत दारात येऊन म्हणाल्या, "मागायला कोण कोण येईल, त्यांची नावं सांगून ठेव. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही मी."