मुंबई हायपासून बर्फाच्या दर्यापर्यंत

कणकवलीला समुद्र नाही. गड आणि जानवली या दोन नद्या, मधून जाणारा मुंबई-गोवा हमरस्ता, रेल्वे स्टेशन आणि आठवड्याचा बाजार, असं आमचं गाव. मालवण-देवगडचा दर्या तास-दीड तासावर. तरी आमच्या आळीत कुणाही बाईला विचारा, तिचा समुद्राशी संबंध निघतोच. कुणाचा भाऊ बोटीवर, तर कुणाचा जावई ‘रिग’वर, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरीवर. चौदा दिवस तिकडे आणि चौदा दिवस घरी, असा त्यांचा संसार. घरी असला की नवरा दिवसभर स्वयंपाकघरात लुडबुडतो आणि नसला की सिलिंडर लावायलाही शेजारच्याला हाक मारावी लागते!

माझ्या धाकट्या जावेचा मुलगा असाच मुंबई हायवर कामाला आहे. गेल्या दिवाळीत त्याला कॅनडातल्या न्यूफाउंडलंडकडच्या नोकरीची विचारणा आली. पगाराचा आकडा ऐकून घरातले पुरुष खूश. जाऊबाई मात्र गप्प आणि सूनबाईचे डोळे भरलेले. सासूबाईंनी तेवढं विचारलं, “काय रे, थंय बर्फाच्या दर्यात मासे तरी गावतत काय?” तो भाग कॉड माशासाठीच प्रसिद्ध आहे असं कळल्यावर त्यांची निम्मी काळजी मिटली. आमची मिटेना.

पुढं जानेवारीत एका लग्नासाठी आम्ही उरणला गेलो. रात्रीच्या गाडीनं पनवेल, तिथून एस.टी.नं उरण. लग्न आटोपल्यावर पुतण्या आम्हांला पिरवाडीच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. जवळच ओ.एन.जी.सी.चा प्रकल्प आहे. समुद्राखालून नळानं आलेलं तेल आणि वायू इथं उतरतात आणि आपल्या शेगडीत जळणारा गॅससुद्धा इथं तयार होतो. समोर पाहिलं तर नुसतं पाणी. “काकी, मुंबई हाय इथून दिसायचं नाही. मुंबईपासून १६० किलोमीटर आत आहे. आम्ही जुहूहून हेलिकॉप्टरनं जातो,” तो म्हणाला.

मैत्रिणींनो, रुपयाच्या नोटेच्या मागं समुद्रातल्या मनोऱ्याचं चित्र पाहिलंय ना? तोच ‘सागर सम्राट’. जपानमध्ये बांधलेल्या या जहाजानं १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबई हायचं तेल शोधलं आणि १९७६ च्या मे महिन्यात ते वर यायला लागलं. तिथं पाणी सुमारे ७५ मीटर खोल. लोखंडी नळ्यांचे सांगाडे समुद्राच्या तळाशी ठोकून त्यांवर मजले उभारले आहेत. सांगाडा जाळीदार असल्यामुळे लाट मधून निघून जाते.

“मग तिकडंही तसंच असेल,” जाऊबाई म्हणाल्या. पुतण्यानं वाळूत काडीनं चित्र काढलं. न्यूफाउंडलंडजवळचं ‘हायबर्निया’ १९९७ साली सुरू झालं. पाण्याची खोली जवळजवळ मुंबई हायइतकीच, ८० मीटर. पण तिथं जाळीदार सांगाडा चालत नाही, कारण लाटेबरोबर बर्फही येतो. ग्रीनलंडकडून हिमनग वाहत येतात. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली ती त्याच बाजूच्या समुद्रात. म्हणून हायबर्नियाचा पाया म्हणजे काँक्रीटचा एक प्रचंड रांजण आहे. त्याचं वजन साडेचार लाख टन आणि भिंतीला बाहेरून सोळा दाते. दहा लाख टनांचा हिमनग आपटला तरी काही होऊ नये, असा हिशेब करून तो बांधलेला आहे. शिवाय हिमनग दिसला की बोटी त्याच्याभोवती दोर टाकतात आणि बैलाला कासऱ्यानं वळवावं तसा त्याला ओढून दुसऱ्या वाटेला लावतात!

जिथं समुद्राचा पृष्ठभागच गोठतो, तिथं तऱ्हा आणखी वेगळी. बर्फाची लादी वाऱ्याबरोबर सरकते आणि मनोऱ्याला दिवसरात्र रेटत राहते. पुतण्यानं चिक्कीची वडी आमच्या हातावर ठेवली. “दाबून फोडा.” फुटेना. “आता वाकवा.” कट्कन तुटली. बर्फाचंही असंच असतं. म्हणून काही ठिकाणी मनोऱ्याच्या भिंती उतरत्या करतात. लादी उतारावर चढते, वाकते आणि आपल्याच वजनानं मोडते.

रशियाच्या पूर्वेला सखालिन बेट आहे. तिथल्या ‘सखालिन-१’ या तेलक्षेत्रात आपल्या ओ.एन.जी.सी. विदेशनं २००१ साली २० टक्के वाटा घेतला. तिथला समुद्र वर्षातले कित्येक महिने गोठलेला. तिथं आणखी एक युक्ती केली. यंत्र किनाऱ्यावरच उभं केलं आणि समुद्राच्या तळाखालून आडवं, दहा किलोमीटरहून लांब भोक पाडून तेल गाठलं. बर्फाशी झुंजायलाच नको!

पण बर्फ टाळला तरी थंडी टळत नाही. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजते, ती आपण उन्हात ठेवतो. खनिज तेलातलं मेणही तसंच नळात थिजतं. वायू आणि पाणी एकत्र आले की त्यांचा बर्फासारखा गोळा होऊन नळ तुंबतो. म्हणून नळ गरम ठेवायचे, त्यांत औषधं सोडायची. अति थंडीत साधं पोलाद ठिसूळ होतं, तेव्हा पोलादही वेगळं लागतं. लाटांचे तुषार कठड्यांवर गोठून त्यांचं ओझं वाढत जातं, ते झोडपून काढावं लागतं. माणसांना ऊब हवी म्हणून भिंती बंद कराव्यात, तर कुठं वायू गळला तो आतच कोंडतो. गॅसचा वास आला की आपण आधी खिडक्या उघडतो ना? तिथं ऊबही हवी आणि वाराही हवा. त्यासाठी पंखे आणि वायूची चाहूल घेणारी यंत्रं सतत चालू ठेवावी लागतात.

जाऊबाईंनी शेवटी खरा प्रश्न विचारला, “आणि माणूस पाण्यात पडला तर?” पुतण्या थोडा वेळ बोलला नाही. मग त्यानं सगळं सरळ सांगितलं. १९८२ च्या फेब्रुवारीत न्यूफाउंडलंडजवळच ‘ओशन रेंजर’ हा तरंगता मनोरा वादळात बुडाला. एक छोटी खिडकी फुटली, पाणी यंत्राच्या खोलीत शिरलं आणि तोल सांभाळणारी यंत्रणाच बिघडली. ८४ माणसं होती, एकही वाचला नाही. त्या पाण्यात काही मिनिटांत हातपाय कामातून जातात. त्यानंतर तिकडं अंगभर झाकणारे, पाणी आत न येऊ देणारे पोशाख आणि त्यांचं शिक्षण यांवर फार भर आला. हेलिकॉप्टर पाण्यात उलटलं तर बाहेर कसं पडायचं, हेसुद्धा तलावात शिकवतात.

“म्हणजे आपला दर्या बरा,” मी म्हटलं. तसंही नाही हो. २७ जुलै २००५ ला ‘समुद्र सुरक्षा’ बोटीवरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली. पावसाळी हवेत हेलिकॉप्टर उडेना, म्हणून त्याला मनोऱ्यावर चढवायला बोट जवळ आणली. ती वायूच्या नळाला आपटली, आग लागली आणि दोन तासांत मनोरा गेला. ३६२ माणसं वाचली, २२ गेली. आणि २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते वादळ कोकणात कोण विसरेल? आपल्या बागा झोडपून ते पुढं गेलं आणि मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ बार्ज बुडाली. ती आणि ‘वरप्रदा’ टग मिळून ८६ माणसं दगावली. बार्जवरचे बरेचसे कंत्राटी कामगार होते.

हे ऐकून सूनबाई रडली नाही. घरी परतल्यावर तिनं वही काढली आणि प्रश्न लिहिले. नेमणूक कंपनीची की कंत्राटदाराची? विमा किती आणि वारस म्हणून नाव कुणाचं? बचावाचं शिक्षण जाण्याआधी मिळणार का आणि खर्च कोण करणार? वादळाचा इशारा आला तर माणसं किनाऱ्यावर आणायची हे कोण ठरवणार? घरच्यांनी कुठल्या नंबरावर फोन करायचा? मैत्रिणींनो, ज्यांची माणसं दर्यावर आहेत त्यांनी ही यादी उतरवून घ्या आणि नेमणूकपत्राची, विम्याच्या कागदांची एक प्रत घरच्या कपाटात ठेवा. नवरा ‘तुला काय कळतंय’ म्हणाला, तरी मागून घ्याच.

पुतण्यानं ते प्रश्न तसेच्या तसे तिकडं पाठवले आहेत. सूनबाईचा निकाल ठरलेला आहे. सगळ्या प्रश्नांची लेखी उत्तरं आली तर ती स्वतः त्याची बॅग भरणार. नाही आली, तर मुंबई हायची चौदा दिवसांची पाळी चालूच आहे. जाऊबाईंना हे पटलंय, आणि सासूबाईंनी आतापासूनच कुळथाची पिठी दळून ठेवली आहे.