आठ दिवे

तारा तपासणें हा माझा धंदा आहे, असें लग्नाच्या पंगतींत कोणी विचारल्यावर सांगितलें, कीं मी खांबावर चढणारा कोणी तरी असावा अशी शेजारच्या गृहस्थांची समजूत होते. मी ती सहसा दूर करीत नाहीं. कारखान्यांतील यंत्रें हल्लीं एकमेकांशीं बोलतात, बॉयलरचा दाब आणि मिलचा वेग दूरच्या खोलींत बसलेल्या माणसाला पडद्यावर दिसतो, आणि हें सारें संभाषण करंगळीहून बारीक अशा एका केबलमधून चालतें, हें समजावून सांगेपर्यंत पंगत उठून जाईल!

या केबलच्या पोटांत तांब्याच्या आठ तारा असतात. पण त्या आठ नव्हेत, चार जोड्या होत. प्रत्येक जोडींतील दोन तारा एकमेकींना पीळ घालून राहतात. पिळाची ही युक्ति टेलिफोनवाल्या बेलची. १८८१ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. बाहेरून येणारा विजेचा गलबला दोन्ही तारांवर सारखाच पडतो, म्हणून पलीकडच्या टोंकाला तो वजा करतां येतो. मात्र टोंकाच्या प्लगांत या जोड्या बसविण्याचा नियम मोठा चमत्कारिक आहे. तिसऱ्या घरांतील तारेची सोबतीण शेजारीं चौथ्या घरांत बसत नाहीं, सहाव्या घरांत बसते. हें पाठच करावें लागतें; नुसत्या तर्कानें तें सुचत नाहीं.

माझें बिऱ्हाड सुरतेजवळ उधन्याला आहे. वडील पोटासाठीं खानदेशांतून तिकडे गेले, आणि मी कामासाठीं त्याच रेल्वेनें उलट येतों. नवापूरचें स्टेशन अर्धें गुजराथेंत, अर्धें महाराष्ट्रांत. तें ओलांडलें कीं आपण घरीं आलों असें मला उगाचच वाटतें. तर असाच एका पावसाळ्यांत मी नंदुरबार जिल्ह्यांतील एका साखर कारखान्यांत गेलों होतों. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. हंगाम बंद होता, मिल थंड होती, आणि मला दोन दिवसांत बारा केबलांचीं चोवीस टोंकें बसवायचीं होतीं. शेवटची केबल हातीं घेतली तेव्हां संध्याकाळच्या गाडीला फारसा वेळ उरला नव्हता. टोंकें बसविलीं, खिशांतला लहान परीक्षक लावला, त्याचे आठही दिवे ओळीनें लागले. मीं कागदावर सही केली आणि गाडी गांठली.

कार्तिकांत गव्हाणींत मोळी पडली आणि महिन्याभरानें मला बोलावणें आलें. पडद्यावरचे आंकडे दिवसांतून चार-पांच वेळां गोठत आणि मिल थांबवावी लागे. मी पोंचलों तेव्हां फाटकाबाहेर उंसाच्या गाड्यांची रांग लागली होती. तोडलेल्या उंसांतील साखर दिवसागणिक घटते, हें त्या रांगेंतल्या प्रत्येकाला माझ्याहून अधिक ठाऊक होतें. कचेरीनें दोषी शोधून ठेवलाच होता. धडगांवकडचा एक तरुण वायरमन तेथें होता. त्यानें केबलच्या वाटेवरचीं झांकणें उघडीं ठेवलीं, उंदरांनीं केबल कुरतडली, असा निकाल होऊन त्याचा पंधरा दिवसांचा पगार अडकवून ठेवला होता. तो माझ्यामागें विजेरी धरून निमूटपणें फिरत होता.

या वेळीं मी मोठें यंत्र आणलें होतें. तें तारेंत एक स्पंद सोडतें. तार जेथें तुटली वा चेपली असेल तेथून प्रतिध्वनि परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून अंतर कळतें. विहिरींत दगड टाकून खोली अजमावण्याचाच हा प्रकार, फक्त येथला दगड प्रकाशाच्या सुमारें दोन-तृतीयांश वेगानें जातो. अकरा केबला निर्दोष निघाल्या. बारावी ६२ मीटरांची होती. ती कोठेंही तुटली नव्हती, तिला उंदराचा दांत लागला नव्हता. जोडी मात्र फुटलेली होती. मीं प्लग उजेडांत धरला. दोन्ही टोंकांना तारा जोडीजोडीनें शेजारीं शेजारीं, डोळ्यांना सुंदर दिसतील अशा बसविल्या होत्या, आणि वर चिकटविलेल्या पट्टीवर '१२' हा आंकडा माझ्याच हातचा होता.

लहान परीक्षक एवढेंच विचारतो, कीं तिसऱ्या घरांतून निघालेली तार पलीकडे तिसऱ्याच घरांत पोंचली कीं नाहीं. वाटेंत ती कोणाशीं पीळ घालून गेली हें तो विचारीत नाहीं. पावसाळ्यांत कारखाना मुका होता म्हणून केबल चालली. हंगामांत मोटारींचा वेग कमीजास्त करणारीं यंत्रें गर्जूं लागलीं आणि पिळाची सोबत नसलेली जोडी भांबावली.

मुख्य इंजिनिअरांनीं विचारलें, "काय सांपडलें?"

"जोडांत दोष होता," मी म्हणालों. वाक्य खोटें नव्हतें. १८५८ सालीं अटलांटिकच्या तळाशीं टाकलेली पहिली तार तीन-चार आठवड्यांत मुकी झाली. तिच्यावर सुमारें २,००० व्होल्टांचा दाब देणाऱ्या व्हाइटहाउस साहेबांनाही दोष दुसरीकडेच दिसत होता, हें मीं पूर्वीं मोठ्या चवीनें लोकांना सांगितलेलें आहे.

रात्रीं पाहुण्यांच्या खोलीवर तोच वायरमन चहा घेऊन आला. "साहेब, उंदीर कुठं सांपडला?" त्यानें विचारलें.

मग मीं त्याला खालीं बसवून सारें सांगितलें. त्यानें परीक्षक मागून घेतला, जुना प्लग लावून पाहिला, आठही दिवे मोजले आणि म्हणाला, "म्हणजे यानं मलाही फसवलं असतं." रागावला असता तर मला बरें वाटलें असतें.

सकाळीं अहवालांत कारणाच्या रकान्यांत मीं लिहिलें, कीं पावसाळ्यांत मीं स्वतः टोंकें चुकीचीं बसविलीं. वायरमनकडे दोष नाहीं. वाचणारे गृहस्थ म्हणाले, "एवढें लिहायची गरज नव्हती." पगाराचें विचारल्यावर, "हिशेबनीस पाहतील," असें उत्तर मिळालें. माझें बिल त्या कामापुरतें मीं पाठविलें नाहीं. घरीं त्याचें कारण मात्र निराळें सांगितलें.

पुढें मीं दोनदां फोन केला. पहिल्यांदां कोणाला कांहींच ठाऊक नव्हतें. दुसऱ्यांदां तो स्वतःच बोलला : पगार सुटला होता, आणि पाण्याच्या पंपाकडे नवी केबल टाकायची होती, तिचीं टोंकें त्यानें एकट्यानें बसविलीं होतीं. "तीन आणि सहा," तो म्हणाला. पण मिलच्या आवाजांत पुढचें मला ऐकूं आलें नाहीं.