निबंधाची वही

शाळकरी मुलाच्या दप्तरांत ज्या पांच-सात वह्या असतात त्यांपैकीं एक तरी त्याची स्वतःची असावी, अशी निदान शाळेची समजूत असते. गणिताच्या वहींत उत्तर आधींच ठरलेलें असतें. इतिहासाच्या वहींत पानिपतची लढाई १७६१ सालींच व्हावी लागते. शुद्धलेखनाची वही तर बोलून-चालून आज्ञाधारक. निबंधाच्या वहीला मात्र मोकळीक आहे. तिच्या पानाच्या माथ्यावर 'माझा आवडता ऋतु' असें लिहिलेलें असतें, आणि त्या 'माझा' या एका शब्दानें शाळा दहा-बारा वर्षांच्या जिवाला विचारीत असते कीं, बाळ, या बाबतींत तुझें स्वतःचें काय म्हणणें आहे? असा प्रश्न विचारणारी दुसरी वही दप्तरांत नाहीं. आणि माझा अनुभव असा कीं, सर्व वह्यांत जास्तींत जास्त खोटें लिहिलें जातें तें याच वहींत.

माझी पुतणी सातवींत आहे. गेल्या पावसाळ्यांत तिचा 'पहिला पाऊस' हा निबंध माझ्या हातीं आला. त्यांत मोर पिसारा फुलवून नाचत होता, बळीराजा नांगर खांद्यावर टाकून आनंदानें निघाला होता आणि चातकाची तहान भागली होती. ही मुलगी पुण्यांत चौथ्या मजल्यावर राहते. मीं विचारलें, "अग, हा मोर तूं पाहिलास कुठें?" तिनें माझ्याकडे जरा कींव आल्यासारखें पाहिलें आणि म्हणाली, "काका, मोर नसला तर बाई दोन मार्क कापतात." मग त्या दिवशीं खरोखर काय झालें तें तिनें सांगितलें. गल्लींत गुडघाभर पाणी तुंबलें, बाबांची स्कूटर बंद पडली, आणि दोघें बूट हातांत धरून घरापर्यंत चालत आलीं. वाटेंत एका वाण्यानें दुकानाच्या फळीवर त्यांना जागा करून दिली आणि मूठभर शेंगदाणेहि दिले. हें सांगतांना तिचे डोळे चमकत होते. "मग हें कां नाहीं लिहिलंस?" तर म्हणे, "तसलं निबंधांत घालायचं नसतं."

'घालायचं नसतं' हें तिला उघडपणें कोणीहि शिकविलें नसेल. तें शाळेच्या हवेंतच असतें. व्यवहारांत जो प्रश्न विचारतो त्याला उत्तर ठाऊक नसतें, म्हणून तर तो विचारतो. वाट विचारणाऱ्या वाटसरूला वाट माहीत नसते. भाजीचा भाव विचारणाऱ्या गृहिणीला भाव माहीत नसतो. शाळा हीच एक जागा अशी कीं, जेथें विचारणाऱ्याला उत्तर आधींच ठाऊक असतें, आणि ज्याला तें ठाऊक नसण्याचा संभव असतो त्यालाच गांठून प्रश्न टाकण्यांत येतो. (वकीलवर्गाची उलटतपासणी ही दुसरी जागा म्हणून मोजावयास माझी हरकत नाहीं.) मूल हें पहिल्या पंधरवड्यांतच ओळखतें. त्यानंतर तें वस्तूकडे पाहण्याचें सोडून विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहूं लागतें. निबंधांतला मोर पावसांतून आलेला नसतो. तो बाईंच्या मनांतून आलेला असतो, निदान बाईंच्या मनांत तो असावा असा मुलीचा तर्क असतो.

हींच मुलें अठराव्या वर्षीं माझ्या वर्गांत येतात. मी महाविद्यालयांत इंग्रजी साहित्य शिकवितों. एखादी कविता वाचून झाल्यावर "तुम्हांला काय वाटलें?" असें विचारलें कीं, सारा वर्ग कोरें पान काढून लेखणी सरसावतो आणि कोणीतरी नम्रपणें म्हणतें, "सर, मुद्दे सांगा." आतां तर मुद्द्यांचीहि गरज उरलेली नाहीं. खिशांतल्या यंत्राला विषय सांगितला कीं क्षणभरांत सुबक निबंध तयार होतो. यावर माझे सहकारी फार संतापतात. मला त्यांत आश्चर्य वाटत नाहीं. दहा वर्षें आपण मुलांना दुसऱ्याच्या मनांतलें लिहावयास शिकविलें. तें काम त्यांच्याहून सफाईनें करणारा कोणी भेटला, तेव्हां त्यांनीं तें त्याच्यावर सोंपविलें, इतकेंच.

कागदोपत्रीं मुलाच्या मताला आज मोठा मान आहे. राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क-करारांतील बारावें कलम सांगतें कीं, मुलाशीं संबंध असलेल्या प्रत्येक बाबतींत त्याला आपलें मत मांडण्याचा अधिकार आहे. भारतानें तो करार १९९२ सालीं मान्य केला. पुढच्याच वर्षीं यशपाल समितीनें दप्तराच्या ओझ्याहून न समजलेल्याचें ओझें अधिक जड असतें हें स्पष्ट केलें, आणि २००५ च्या राष्ट्रीय आराखड्यानें मूल आपलें ज्ञान स्वतः घडवितें हें तत्त्व स्वीकारलें. शाळाशाळांतून विद्यार्थ्यांचीं मंत्रिमंडळेंहि निघालीं आहेत. अशा एका शाळेंत मी पाहुणा म्हणून गेलों होतों. आरोग्यमंत्री, पर्यावरणमंत्री वगैरे मंडळी बिल्ले लावून रांगेंत उभीं होतीं. बारा वर्षांच्या मुख्यमंत्र्यांनीं भाषण वाचलें. त्यांत 'आमच्या मार्गदर्शक गुरुजनांचे' आभार तीन वेळां होते, आणि अक्षर मोठ्या माणसाचें होतें. मागाहून चहाच्या वेळीं मीं त्यांना विचारलें, "तुमच्या मंत्रिमंडळानें यंदा काय काय ठरविलें?" मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, "ठरवतात सर. आम्ही फक्त बिल्ले लावतों."

टॉलस्टॉयनें १८५९ सालीं यास्नाया पोल्याना या आपल्या गांवीं शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं शाळा काढली होती. तेथली एक हकीकत त्यानें १८६२ च्या एका लेखांत दिली आहे. शेतकऱ्यांच्या मुलांनीं आमच्याकडून लिहावयास शिकावें कीं आम्हीं त्यांच्याकडून, असा प्रश्न हेंच त्या लेखाचें नांव. चमच्यानें भरवायचें आणि त्याच्याच दांड्यानें डोळा फोडायचा, अशा अर्थाची एक रशियन म्हण आहे. तिच्यावर गोष्ट लिहा, असें त्यानें मुलांना सांगितलें. मुलें म्हणालीं, हें आम्हांला जमायचें नाहीं, तूंच लिही. तो लिहूं लागला, आणि मुलें त्याच्या खुर्चीमागें जमून वाक्यावाक्याला हरकत घेऊं लागलीं. शेवटीं सेम्का आणि फेद्का हीं दोन पोरें उरलीं. रात्रीं उशिरापर्यंत तीं सांगत गेलीं आणि टॉलस्टॉय उतरून घेत गेला. एके ठिकाणीं फेद्कानें गोष्टींतल्या एका पुरुषाच्या अंगावर बायकी लोकरी डगला चढविला. टॉलस्टॉय थबकला. बायकी कां? त्याच्या स्वतःच्या डोक्यांत असलें कांहीं नव्हतें. पण त्या एका डगल्यानें तें खेडवळ घर, तेथली ओढाताण, जो हातीं लागेल तो कपडा अंगावर घेण्याची तेथली रीत, सारें डोळ्यांपुढें उभें राहिलें. पुढें टॉलस्टॉय वाहवतो, आणि गटेलाहि जें साधणार नाहीं तें या पोराला साधलें असें म्हणूं लागतो; तितकें दूर मी त्याच्याबरोबर जात नाहीं. मला मोल वाटतें तें त्याच्या थबकण्याचें. रशियांत नांव झालेला ग्रंथकार दहा-अकरा वर्षांच्या मुलाला प्रश्न विचारतो आणि त्याचें उत्तर त्याला खरोखरच ठाऊक नसतें.

आपल्याकडचें उदाहरण याहूनहि जुनें आहे. १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत दोन हप्त्यांनीं एक निबंध छापून आला. विषय, मांग-महारांचें दुःख. लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यांतील शाळेची विद्यार्थिनी, जातीनें मांग, वय वर्षें १४, शिक्षण सुमारें तीन वर्षें. या मुलीनें देवालाच विचारलें कीं, वेद आमचे नव्हेत तर आमचा धर्म कोणता? पेशवाईंत आपल्या लोकांना काय सोसावें लागलें तें तिनें लिहिलें. आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हां त्यांच्या डोक्यावर छप्परहि नसतें हें लिहिलें. आणि आपल्याच लोकांना, ज्ञानाचें औषध घ्या म्हणून बजाविलें. मराठींत शाळकरी मुलांनीं लिहिलेले निबंध आजवर किती झाले असतील याची गणती नाहीं, पण पावणेदोनशें वर्षांनंतर अभ्यासक ज्याची पारायणें करतात असा दुसरा मला आठवत नाहीं. त्यांतल्या प्रश्नाचें तयार उत्तर त्या वर्गांत कोणापाशींहि नव्हतें, आणि त्या गुरुजनांनीं तो प्रश्न खोडला नाहीं.

येथें एक गैरसमज होण्याचा संभव आहे. मुलाला मोकळें सोडलें कीं त्याच्या मुखांतून सरस्वती आपोआप वाहूं लागते, असें म्हणणारा एक पंथ आहे. मी त्यांतला नव्हे. मुक्तेच्या लेखाची बांधणी पाहावी. युक्तिवाद कसा उभारावा, प्रतिपक्षाला त्याच्याच शब्दांत कसें पकडावें, हें ती शिकलेली आहे, आणि तें शिकविणाऱ्यांनीं तीन वर्षें कसून शिकविलें असलें पाहिजे. यास्नाया पोल्यानालाहि लेखणी टॉलस्टॉयच्या हातांत होती. दुसऱ्या बाजूनें, एका वर्गांत साठ मुलें आणि टेबलावर साठ वह्यांचा ढीग असलेल्या शिक्षिकेला दोष देणें फार सोपें आहे. मोर असलेला निबंध अर्ध्या मिनिटांत तपासून होतो. शेंगदाणे देणारा वाणी निबंधांत आला तर थांबून वाचावें लागतें, आणि थांबण्यासाठीं तिच्या वेळापत्रकांत तास नाहीं.

माझ्या वर्गापुरता मीं एक उपाय काढला आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच आठवड्यांत सांगतों, तुम्हांला ठाऊक आहे आणि मला ठाऊक नाहीं अशा एखाद्या गोष्टीवर एक पान लिहा. मराठींत लिहिलें तरी चालेल. मुलें चक्रावतात. "सर, तुम्हांला काय माहीत नाहीं तें आम्हांला कसं कळणार?" असें एकानें विचारलें होतें, आणि तें बरोबरच होतें. बरीचशीं पानें क्रिकेटवर येतात. दोन वर्षांमागें बीडकडच्या एका मुलाचें पान हजेरीपटावर आलें.

त्याचे आईबाप ऊसतोडीला जात. दसरा उलटला कीं मुकादमाची उचल घेऊन जोडपें निघे. त्या हिशेबांत नवराबायको मिळून 'एक कोयता' मोजतात, हें मला त्या पानावरून कळलें. हा मुलगा पांचवीपर्यंत बरोबर जाई आणि कारखान्याच्या आवारांत पाचटाच्या कोपींत राही. टोळींत वाचतां येणारा तो एकटाच. काट्यावरची वजनाची पावती वाचून दाखविणें, उचलीपैकीं किती फिटली आणि किती राहिली तें मांडणें, हीं कामें त्याच्याकडे असत. मुकादमाच्या बेरजेंतली चूक त्यानें एकदां पकडली होती. गांवच्या शाळेच्या पटावर हे पांच महिने 'गैरहजर' असे लागले होते. परत आल्यावर बुडालेला अभ्यास भरून काढावयास सांगत; त्यांत 'माझी दिवाळीची सुट्टी' हा निबंध असे. तो त्यानें शेजारच्या मुलाच्या वहींतून उतरविला, चकल्या आणि मातीचा किल्ला यांसकट. पानाच्या शेवटीं त्यानें लिहिलें होतें कीं, जेव्हां मीं सर्वांत जास्त गणित केलें तेव्हां मी गैरहजर होतों, तें कोणत्या रकान्यांत भरायचें?

मीं त्या पानावर गुण घातले नाहींत. माझ्या प्रश्नाची दोन-तीन वाक्यें खालीं लिहून तें परत दिलें. त्यानें विचारलें, "सर, हें मी आमच्या गांवच्या शाळेंत दाखवूं? बहीण पांचवीला आहे."

"दाखव कीं," मी म्हणालों.

दिवाळीनंतर तो भेटावयास आला. बाईंनीं तें पान पांचवीच्या वर्गांत वाचून दाखविलें होतें, आणि उसाच्या एका मोळींत किती ऊस असतात यावरून मुलांत दोन तट पडले होते. फडावर जाऊन आलेलीं मुलें त्या वर्गांत बरींच होतीं. बाईंना स्वतःला कांहींच ठाऊक नव्हतें. त्यांनीं त्याच्याकडेच निरोप धाडला होता कीं नक्की आंकडा कळवावा.

"मग काय कळविलेंस?" मीं विचारलें.

"आंकडा नक्की नसतो, सर," तो म्हणाला. "मोळी डोक्यावर घेणारी बाई कोण, त्यावर तो असतो."